हजेरी, मुष्टिधान्य आणि पहिली मंडळी

काळी_माती (धागाकर्ता) · रविवार, रात्री ९:१०

सर्वांना सप्रेम सलाम. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावच्या ख्रिस्ती मंडळीचा खजिनदार आहे. मंडळी चौतीस कुटुंबांची असून बहुतेकांची कोरडवाहू शेती किंवा रोजमजुरी आहे. पाळकसाहेबांकडे (धर्मगुरूंकडे) आणखी तीन गावे असल्यामुळे ते महिन्यातून दोनच रविवार आमच्याकडे येतात आणि बाकीच्या रविवारी वडीलजन उपासना चालवतात. आमच्याकडे जुनी पद्धत अशी की घरातील बाई स्वयंपाकाला बसताना एक मूठ ज्वारी किंवा तांदूळ वेगळ्या डब्यात टाकते आणि रविवारी ते मुष्टिधान्य देवळात आणते. हंगामाच्या सणाला आलेल्या मालाचा लिलावही होतो. या दोहोंतून नाताळाच्या आठवडाभर आधी गरजू घरांना ज्वारी, तुरीची डाळ आणि गोडेतेल दिले जाते.

तीन वर्षांपूर्वी कमिटीने ठराव केला की महिन्यातून किमान दोन रविवार उपासनेस हजर राहणाऱ्यांचीच नावे यादीत घ्यावीत. ठराव माझ्या अक्षरात आहे आणि त्या वेळी तो मला पटलेलाही होता. यंदा यादी करताना मी हजेरीवही उघडली आणि एका विधवा मावशीचे नाव वगळले. त्या नाल्यापलीकडच्या वस्तीत राहतात, दसऱ्यापासून कापूस वेचायला जातात, आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळत असल्यामुळे रविवारही सोडत नाहीत. नाताळानंतर मुष्टिधान्याची वही पुरी करायला बसलो, तेव्हा दिसले की त्या अडीच महिन्यांत मावशींची मूठ एकदाही चुकलेली नव्हती. शेजारच्या मुलीच्या हाती त्यांचा डबा दर रविवारी येत होता आणि मीच तो मोजून लिहून घेत होतो. दोन्ही वह्या माझ्याच पेटीत एकीवर एक ठेवलेल्या असतात.

मला विचारायचे आहे ते असे. येशूच्या शिष्यांच्या काळातल्या पहिल्या मंडळीत गरजूंना वाटप होत होते हे आपण सर्व जण वाचतो, पण ती माणसे यादी कशी करत, कोण करत, आणि चूक झाली तर काय करत? आपापल्या गावात आपण काय करता? उपदेश नको, तो मी स्वतःला पुष्कळ करून झाला आहे.

निवृत्त_मास्तर · रविवार, रात्री १०:०२

आपण विचारलेली चूक पहिल्या मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत झालेली आहे आणि ती नव्या करारातील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात झाकून न ठेवता लिहिलेली आहे. यरुशलेमेतील मंडळीत दोन प्रकारचे यहुदी होते, एक तेथील भाषा बोलणारे आणि दुसरे बाहेरच्या शहरांतून आलेले, ग्रीक बोलणारे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर सुरू झाली. नाल्यापलीकडची वस्ती तेथेही होती, असे म्हणायला हरकत नाही.

त्यावर प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडलेल्या शिष्यांनी, जे केले ते मला फार मोलाचे वाटते. त्यांनी तक्रार करणाऱ्यांकडे पुरावा मागितला नाही आणि चौकशी समितीही नेमली नाही. त्यांनी सर्व मंडळी बोलावून सात माणसे निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव ही ती सात नावे, आणि ही सातही नावे ग्रीक आहेत. ग्रीक नावे यरुशलेमेतल्या यहुद्यांतही असत, त्यामुळे नावांवरून सर्व काही सिद्ध होत नाही. तरीही ज्यांची कुरकुर होती त्यांच्यापैकीच माणसांच्या हाती पळी दिली गेली, असा अर्थ बहुतेक अभ्यासक काढतात आणि मलाही तोच सरळ वाटतो.

आणखी एक सांगतो. वाटपासाठी त्या अध्यायात जो ग्रीक शब्द आहे, 'दियाकोनिया', तोच शब्द थोड्या ओळींनंतर वचनाच्या सेवेसाठीही आला आहे. भाकरी वाढणे आणि उपदेश करणे या दोघांना एकच नाव. हा शब्द मी कोणत्याही वर्गात शिकलेलो नाही. १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. मधल्या काळात माझे वडील तेथे खानावळीत वाढायला होते. एका विद्यार्थ्याने त्यांना थट्टेने सांगितले होते की तुमच्या कामाला ग्रीकमध्ये फार मोठे नाव आहे. वडिलांनी ते नाव पाठ करून घरी आणले.

शेवटचा_बाक · रविवार, रात्री १०:१५

सात जणांची कमिटी एका बैठकीत निवडली गेली आणि कोणीही सभात्याग केला नाही, हा मला त्या पुस्तकातील सर्वांत मोठा चमत्कार वाटत आला आहे.

चार_गावांचा_पाळक · सोमवार, सकाळी ६:४०

काळी_माती, आपल्या मनाची टोचणी मला समजते. परंतु ठरावाची बाजूही कोणीतरी मांडली पाहिजे, म्हणून लिहितो. अशा ठरावामागे कारण असते. नाताळाच्या आधीच्या रविवारी माझ्या एका गावात देवळाबाहेर चपला ठेवायला जागा उरत नाही आणि जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी मी अकरा माणसांपुढे उपदेश करतो. जे वर्षभर मूठमूठ साठवतात त्यांना याचे वाईट वाटणारच.

पहिल्या मंडळीतही अटी होत्या. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात विधवांच्या यादीचा स्पष्ट उल्लेख आहे. वय साठाच्या आत नसावे, एकाच पतीची पत्नी असलेली असावी, मुलाबाळांचा सांभाळ, अतिथींचा पाहुणचार आणि दुःखितांना मदत यांबद्दल तिचे नाव असावे, अशा अटी तेथे आहेत. खरी विधवा रात्रंदिवस प्रार्थनेत राहते, असेही त्याच अध्यायात म्हटले आहे. शिवाय ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये, असे प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांना पत्रात बजावले आहे. तेव्हा यादी ठेवणे किंवा नियम करणे हाच अविश्वासूपणा, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

संत्राबाग · सोमवार, सकाळी ८:०५

पाळकसाहेब, मानपूर्वक असहमती नोंदवतो. थेस्सलनीकाकरांना लिहिलेले ते वाक्य काम टाळणाऱ्यांसाठी आहे. मावशी उपासनेला येत नाहीत त्या कामावर असतात म्हणून. जो नियम आळशी माणसाला शेतात पाठवण्यासाठी लिहिला गेला, तो आपण शेतात गेलेल्या बाईवर उलटा चालवतो आहोत.

दुसरे असे की आपण सांगितलेल्या अटी मी आताच पुन्हा काढून वाचल्या. त्यांत वय आहे, पाहुणचार आहे, संतांचे पाय धुणे आहे, पण हजेरी नाही. रात्रंदिवस प्रार्थना आहे, हे मान्य. मात्र कापसाच्या ओळीत वाकलेल्या बाईची प्रार्थना कोणत्या वहीत लिहायची, हे खजिनदारांनी सांगावे. त्याच अध्यायात घरच्यांनी आधी आपल्या विधवेचे पाहावे, म्हणजे मंडळीवर भार पडणार नाही, असेही आहे. तो प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे. मावशींना मुले आहेत काय?

काळी_माती · सोमवार, दुपारी १:२०

एक मुलगा आहे. तो सुरतेकडे कामाला असतो आणि दोन वर्षांपासून त्याचे येणे नाही. सून व नात मावशींजवळ असतात. सूनही वेचणीला जाते.

मास्तर, आपण लिहिलेले सात नावांचे वाचून मी आमच्या कमिटीची नावे मनात मोजली. नाल्यापलीकडचे एकही नाही. ती आठ-नऊ कुटुंबे बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या तालुक्यातून सालदारीसाठी आली आणि येथेच राहिली. आम्ही त्यांना अजून 'नवीन लोक' म्हणतो.

पैनगंगाकाठ · सोमवार, दुपारी ३:४५

पहिल्या मंडळीचा विषय निघाला की आपण सर्व जण जरा हळवे होतो, म्हणून थोडे थंड पाणी ओततो. तेथे हनन्या आणि सप्पीरा होते, ज्यांनी जमीन विकून किमतीचा काही भाग लपवला आणि सगळी दिल्याचा आव आणला. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रेफस आहे, ज्याला सर्वांत पुढे राहण्याची हौस होती आणि जो आलेल्या बंधूंना घरात घेत नसे. करिंथात तर प्रभुभोजनाच्या (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) निमित्ताने एकत्र जेवायचे आणि ज्यांच्याकडे होते ते आधी खाऊन घ्यायचे. एक उपाशी आणि दुसरा प्यालेला, अशी अवस्था पौलाने अकराव्या अध्यायात लिहिली आहे. म्हणून शेवटी, एकमेकांसाठी थांबा, असे त्याला सांगावे लागले. उशिरा येणारे कोण असतील? ज्यांचा दिवस स्वतःच्या हाती नव्हता ते, म्हणजे दास आणि मजूर.

हनन्याच्या गोष्टीत एक गोष्ट सहसा उपदेशात येत नाही. जमीन विकण्याआधी ती तुझीच होती आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता, असे पेत्र त्याला म्हणतो. म्हणजे देणे सक्तीचे नव्हते, दोष खोटेपणाचा होता. आपल्याकडे दशांशाची (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याची) थकबाकी फळ्यावर लावणाऱ्या मंडळ्या मी पाहिल्या आहेत, त्यांनी हा अध्याय सावकाश वाचावा.

शेवटचा_बाक · सोमवार, दुपारी ४:००

दियत्रेफस आमच्याकडे सलग चौथ्यांदा बिनविरोध निवडून आले आहेत.

सिस्टरताई · सोमवार, रात्री ८:३०

मी एका मिशन दवाखान्यात एकतीस वर्षे परिचारिका होते, आता मुलीकडे वाशीम जिल्ह्यात राहते. इतका वेळ सर्वांचे वाचत होते. याद्या, अटी, कमिट्या, सगळे पुरुष बोलत आहेत आणि विषय मुठीचा आहे, जी बाई काढते.

रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल फिबी नावाच्या बाईची ओळख करून देतो. ती किंख्रियाच्या मंडळीची सेविका होती आणि तिच्यासाठी त्याने मास्तरांनी सांगितलेल्या शब्दाच्याच कुळातला 'दियाकोनोस' हा शब्द वापरला आहे. पुढे इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा रोमी अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्राजानला पत्र लिहिले. ख्रिस्ती लोक नेमके काय करतात हे कळावे म्हणून त्याने दोन दासींचा छळ करून चौकशी केली, असे तो स्वतः लिहितो, आणि त्या दोघींना त्यांचे लोक 'सेविका' म्हणत, अशी नोंदही करतो. त्या गावच्या मंडळीत एकही पुरुष सेवक नसेल असे नाही. पण सेवेची खूण म्हणून इतिहासात उरल्या त्या दोन दासी, आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

दवाखान्यात आमचे एक काम असे होते की जो रोगी ठरलेल्या तारखेला आला नाही, त्याच्या नावापुढे लाल खूण करायची. नवीन मुलींना वाटे की लाल खूण म्हणजे नाव काढायचे. आमच्या वडील सिस्टर त्यांना सांगत की लाल खूण म्हणजे सायकल काढायची. जो आला नाही त्याच्याकडेच आधी जायचे, कारण आलेला तर समोर बसलेला आहे. मी क्षयाच्या आणि कुष्ठाच्या रोग्यांच्या घरी अशा किती फेऱ्या मारल्या याची गणती नाही, आणि दहांतील आठ घरांत न येण्याचे कारण मजुरी बुडते हेच असे.

काळी_माती भाऊ, तुमची हजेरीवही चांगलीच आहे, ती फाडू नका. तिचा उपयोग तेवढा बदला.

निवृत्त_मास्तर · सोमवार, रात्री ९:१५

सिस्टरताईंनी माझ्या मनातला धागा हाती दिला. रोममध्ये जस्टिन नावाचा एक विद्वान ख्रिस्ती होता, त्याने इ. स. १५५ च्या सुमारास सम्राटाला उद्देशून मंडळीच्या बचावाचा एक ग्रंथ लिहिला. त्यात रविवारच्या उपासनेचे वर्णन आहे. शहरातले आणि खेड्यांतले लोक एका ठिकाणी जमतात, वेळ असेल तोपर्यंत वाचन होते, मग अध्यक्ष बोलतो, प्रार्थना होते, भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो, आणि जे हजर नाहीत त्यांच्याकडे दिकन (मंडळीचे सेवक) तो घेऊन जातात. पुढे लगेच असे आहे की ज्यांना शक्य असेल ते आपल्या इच्छेने देतात, ते अध्यक्षाकडे ठेवले जाते आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावचे मुक्कामी यांना मदत होते.

दोन हजार वर्षांपूर्वीचा नाही म्हणता येणार, पण अठराशे सत्तर वर्षांपूर्वीचा तरी हा ठराव आहे, आणि त्यात गैरहजर माणसाचा वाटा आधीच धरलेला आहे.

चार_गावांचा_पाळक · मंगळवार, सकाळी ६:२५

मास्तर, जस्टिन ज्याविषयी लिहितो ती प्रभुभोजनाची भाकर आहे, ज्वारीचे पोते नव्हे. दोन्ही एकत्र कालवू नयेत, एवढीच विनंती.

सिस्टरताई, लाल खुणेचे मात्र लागले. माझ्याही वहीत लाल खुणा आहेत आणि माझ्याकडे मोटारसायकल आहे.

निवृत्त_मास्तर · मंगळवार, सकाळी ७:१०

पाळकसाहेब, आपली दुरुस्ती मान्य. भाकर आणि वर्गणी या तेथे दोन गोष्टी आहेत. मात्र त्या एकाच परिच्छेदात एकीमागोमाग आल्या आहेत, आणि पहिली गोष्ट दारापर्यंत जात असताना दुसरी दारातून परत येत असेल, असे मला वाटत नाही.

खराटा · मंगळवार, सकाळी ९:५०

मी ख्रिस्ती नाही, अमरावती जिल्ह्यातला वारकरी घरातला माणूस आहे. धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. अयोग्य वाटल्यास सांगावे. आमच्या भागातल्या शेंडगावचे गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) गावात आले की आधी खराटा हाती घेऊन गाव झाडत. भाकरी घेत ती आपल्या गाडग्यात. पाया पडू देत नसत. रात्री कीर्तन करत आणि पुढे चालू लागत. लोकांनी दिलेल्या पैशांतून धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण त्यांच्या अंगावर चिंध्याच राहिल्या. माझ्या आजोबांनी त्यांना पाहिले होते. आजोबा म्हणत की बाबा कीर्तनाला बसलेल्यांकडे नंतर पाहत, आधी गावाच्या टोकाची वस्ती झाडून येत.

आपल्या पहिल्या मंडळीत असे फिरते साधू असत का?

संत्राबाग · मंगळवार, सकाळी ११:३०

अयोग्य कशाला वाटेल? आपण विचारलेत ते फार नेमके आहे. फिरते प्रेषित आणि संदेष्टे असत, आणि त्यांची पारख कशी करावी याचे नियमच एका लहान पुस्तकात आहेत. त्याला 'दिदाखे' म्हणजे शिकवण असे म्हणतात. ते पहिल्या शतकाच्या अखेरीचे किंवा दुसऱ्याच्या आरंभीचे मानले जाते. शतकानुशतके त्याचे नावच तेवढे माहीत होते. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे त्याची हस्तलिखित प्रत सापडली आणि दहा वर्षांनी ती छापली गेली.

त्यातील नियम असा की आलेल्या प्रेषिताला प्रभूसारखे स्वीकारावे, पण त्याने एक दिवस राहावे, गरज पडल्यास दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल एवढी भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्याने प्रेरित होऊन जेवणाचे ताट मांडायला सांगणारा आणि मग स्वतःच त्यावर बसणारा, तोही खोटा. आपले बाबा या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले असते.

त्याच पुस्तकात पुढे आहे की पहिले पीक, पहिली भाकर संदेष्ट्यांना द्यावी आणि संदेष्टा नसेल तर गरिबांना द्यावी. म्हणजे पाळकसाहेब महिन्यातून दोनच रविवार येतात, तेव्हा उरलेल्या दोन रविवारांचा हिशेब सरळ आहे.

चार_गावांचा_पाळक · मंगळवार, दुपारी १२:०५

या न्यायाने मी कोणत्याही गावात तिसऱ्या दिवशी दिसू नये. घरची मंडळी या नियमाचे स्वागत करतील.

पुण्यात_वऱ्हाडी · मंगळवार, रात्री ९:३०

माझे गाव दारव्हा तालुक्यातले, नोकरी पुण्याला. इतकी चर्चा करण्यापेक्षा गरजूंच्या खात्यात थेट रक्कम जमा का करू नये? ना यादी वाचून दाखवायची, ना पोती वाहायची. मोठ्या मंडळ्यांना मोठी व्यवस्था लागतेच. इ. स. २५१ मध्ये रोमचा बिशप कर्नेल्य याने लिहिलेल्या पत्रात तेथील मंडळी पंधराशेंहून अधिक विधवा व गरजूंचा सांभाळ करत असल्याचा उल्लेख आहे, तो सारा कारभार कोणी मुठीने केला नसेल.

पैनगंगाकाठ · मंगळवार, रात्री १०:१०

रोमचे बरोबर आहे आणि रक्कम पाठवण्यालाही माझा विरोध नाही. पण खाते कोणाचे आणि कोणत्या यादीवरून, हा प्रश्न शिल्लकच राहतो. चुकीच्या यादीवरून पैसा फक्त लवकर पोहोचेल.

हिशेबाच्या बाबतीत मात्र पौलाकडून शिकावे. यरुशलेमेच्या गरिबांसाठी त्याने निरनिराळ्या मंडळ्यांतून वर्गणी जमवली, तेव्हा ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली आणि करिंथकरांना स्पष्ट लिहिले की एवढ्या मोठ्या रकमेच्या कारभारात कोणी आमच्यावर ठपका ठेवू नये म्हणून ही काळजी घेत आहोत; देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही चोख असावे. हे दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. आमच्या मंडळीत एकदा लिलावाच्या पैशाचा हिशेब दोन वर्षे मिळाला नाही. पैसा कोणी खाल्ला नव्हता, वही हरवली होती एवढेच; पण त्या दोन वर्षांत जी घरे तुटली ती अजून जुळलेली नाहीत. म्हणून काळी_माती यांच्याकडे दोन वह्या आहेत आणि त्या जुळवून पाहण्याची सवय आहे, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

सिस्टरताई · बुधवार, सकाळी ७:३०

उपासनेच्या वेळेविषयी कोणीच बोलले नाही. आमच्या लहानपणी वेचणीच्या दिवसांत पहाटेची उपासना होत असे, कंदील घेऊन जायचो. ती बंद केव्हा झाली ते आठवत नाही.

संत्राबाग · बुधवार, सकाळी ८:४०

ताई, आपण सांगितलेल्या प्लिनीच्या पत्रातच आहे की ते लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमत आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गात. नंतर पांगत आणि जेवणासाठी पुन्हा एकत्र येत. रविवारची सुटी त्या काळी कोठे होती? ती इ. स. ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने जाहीर केली, आणि तिच्यातही न्यायाधीश, शहरातले लोक आणि कारागीर यांनी काम थांबवावे, पण शेतकऱ्यांना शेतात काम करण्याची मोकळीक असावी, कारण पेरणीचा योग्य दिवस हातचा जाऊ नये, असे म्हटले होते. रोमच्या सम्राटाला वापसा कळत होता. आपल्याला दहाची उपासना तेवढी सोडवत नाही.

शेवटचा_बाक · बुधवार, सकाळी ९:००

पहाटेच्या उपासनेला माझा पाठिंबा आहे, फक्त उपदेश आटोपशीर असावा. त्रोवस येथे पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि युतुख नावाचा तरुण खिडकीत झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने त्याला पुन्हा उभे केले. आमच्या वडीलजनांकडे ते दान असेल याची खात्री नाही.

काळी_माती · पुढील सोमवार, रात्री ८:२०

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते सांगतो.

शनिवारी संध्याकाळी मी आणि एक वडील पंधरा किलो ज्वारी, डाळ आणि तेल घेऊन नाल्यापलीकडे गेलो. वेचणीवरून लोक नुकतेच परतले होते. मावशी दारातच ओटीतला कापूस झटकत होत्या. मी ठरवलेले बोलणे बोलू लागलो, हजेरी, ठराव, माझी चूक, असे सगळे. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या की, मला वाटले यंदा माझी मूठ लहान पडली म्हणून नाव काढले. नातीला म्हटले होते, पुढल्या वर्षी थोडी भरून टाकू.

त्यानंतर मी काय बोललो ते मला आठवत नाही. चहा घेतला. बरोबरचे वडील परत येताना नाल्यापर्यंत एक शब्दही बोलले नाहीत आणि नाल्यावर म्हणाले, "तो ठराव मी सुचवला होता."

रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली. ठराव मागे घेण्यावर वाद झाला, दोघांचा विरोध होता आणि त्यांची कारणे पाळकसाहेबांनी येथे लिहिली तशीच होती. ती मी उडवून लावली नाहीत, कारण त्यांत तथ्य आहे. शेवटी असे ठरले की हजेरीवही राहील, पण सलग तीन रविवार जो आला नाही त्याच्या घरी त्याच आठवड्यात दोघांनी जायचे. वेचणी संपेपर्यंत महिन्यातील दोन उपासना पहाटे साडेपाचला होतील. आणि यादी कमिटीने करायची नाही. नाल्यापलीकडच्या दोन बायांनी आणि गावातल्या एकीने करायची. मावशींना विचारले तर त्यांनी नकार दिला, त्यांना लिहिता येत नाही म्हणून. सून लिहिणार आहे.

त्या तिघींनी काल रात्रीच सात नावे आणून दिली. त्यांतली तीन घरे मला माहीतच नव्हती. एक नाव तर आपल्या मंडळीचे नाही, हिंदू घर आहे. घरधनी दोन वर्षांपूर्वी गेला, कर्ज आहे, दोन लहान मुले आहेत. मी विचारले की हे कसे, तर सून म्हणाली की गरजू घरांची यादी मागितली होती, मंडळीची मागितली असती तर वेगळी लिहिली असती. आता बुधवारी पुन्हा बैठक आहे.

पैनगंगाकाठ · सोमवार, रात्री ९:०५

बैठकीत उपयोगी पडेल म्हणून लिहितो. इ. स. ३६२ च्या सुमारास सम्राट ज्युलियन जुन्या देवतांची उपासना पुन्हा उभी करू पाहत होता. त्याने गलातियातील एका मुख्य पुजाऱ्याला पत्रात लिहिले की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आमच्या लोकांना आमच्याकडून काही मिळत नाही, ही लाजेची गोष्ट आहे. तो मंडळीचा विरोधक होता, त्यामुळे कौतुकासाठी त्याने हे लिहिले नसावे.

चार_गावांचा_पाळक · सोमवार, रात्री ९:४०

बैठकीत मुष्टिधान्य किती उरले आहे ते आधी सांगा. नाहीतर नावे वाढतील आणि पोते तेवढेच राहील. माझ्या मोठ्या गावात यंदा लिलावाची चार पोती ज्वारी शिल्लक आहे, कमिटीला विचारून कळवतो. पहाटेच्या पहिल्या उपासनेला मी येईन. साडेपाच म्हणजे घरून चारला निघावे लागेल, तेव्हा चहाची व्यवस्था असावी.

काळी_माती · सोमवार, रात्री ९:५५

उरलेले धान्य बावन्न किलो आहे, पाळकसाहेब. चहा सून करणार आहे.

खराटा · सोमवार, रात्री १०:१०

त्या घराची मुले किती वर्षांची आहेत, ते कळवा. आमच्याकडे शाळेची दप्तरे जमवलेली आहेत.